येऊ द्या, अजून येऊ द्या

आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्यावर डोंगर विकत घेतला. लोक निवृत्त झाले की फ्लोरिडात घर घेतात, गोल्फ शिकतात, फारच झालं तर मंदिराच्या कमिटीवर जाऊन भांडतात. ह्यांनी विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पंचावन्न एकर नुसता चढउतार घेतला, शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या घरापासून चार तासांवर. जाहिरातीत 'हंटिंग लँड' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे जिथे नांगर चालत नाही, घर बांधता येत नाही आणि नोव्हेंबरात हरणं मारण्यापलीकडे जिचा काही उपयोग नाही अशी जमीन. आणि आमच्या घरात अंडंसुद्धा केकमधूनच येतं.

हे भूलतज्ज्ञ. तीस वर्षं शिकागोच्या इस्पितळात लोकांना झोपवलं आणि निवृत्त झाल्यावर माझी झोप उडवली. मी एकोणसत्तर साली लग्न होऊन मिरजेहून इथे आले, लायब्ररीत नोकरी केली, रुचाला वाढवलं, आणि माझ्या मते आता मला जरा सपाट जमिनीवर बसायचा हक्क होता. मी तसं बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, अगं, वरून सगळी दरी दिसते. मी म्हटलं, दरी दिसायची तर दरीच्या काठावर उभं राहावं लागतं. पण ऐकतंय कोण. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात कागदांवर सह्या झाल्या, आणि पुढच्या वसंतात ट्रॅक्टर आला.

तो ट्रॅक्टर छोटाच होता, बत्तीस हॉर्सपॉवरचा. पुढे दगडमाती उचलायची बकेट, मागे रस्ता खरवडायचं लोखंडी पातं, सीटच्या मागे उलटला तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान. हे त्याच्याकडे ज्या नजरेने बघायचे त्या नजरेने त्यांनी मला दाखवण्याच्या कार्यक्रमातही बघितलं नव्हतं. त्यांना सत्तरावं चालू होतं. मानेत स्पाँडिलोसिस, त्यामुळे मान खांद्यापलीकडे वळत नाही. आणि छोट्या ट्रॅक्टरला आरसे नसतात.

शेजारचा शेतकरी अर्लिन, सहा फूट उंच आणि दिवसाला सहा वाक्यं बोलणारा, त्याने ह्यांना ट्रॅक्टर शिकवला. उतारावर आडवं कधी जायचं नाही, जायचं तर सरळ वर नाहीतर सरळ खाली. बकेट जमिनीलगत ठेवायची. आणि मुख्य म्हणजे वजन नेहमी चढाच्या बाजूला. बकेट दगडांनी भरली असेल आणि उतरायचं असेल, तर तोंड वर ठेवून उलटं, रिव्हर्समध्ये उतरायचं. हे वाक्य ऐकलं आणि मला कळलं की आता माझी नेमणूक झाली.

ते कसं, ते सांगते. आमच्या ह्यांनी आयुष्यात मागे बघून गाडी मागे घेतलेली नाही. आरसा असो, नसो, गाडी मागे घ्यायची म्हणजे कोणीतरी उतरून मागे उभं राहायचं आणि 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचं. सांगलीला ह्यांच्या वडिलांच्या जीपमागे गडी उभा राहायचा, इथे मी. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर साडीच्या दुकानासमोर दोन गाड्यांच्या मध्ये गाडी घालायची, तर मी फुटपाथवर उभी, हात हलवत, 'येऊ द्या, अजून येऊ द्या, आहे जागा, बस.' येणारेजाणारे बघायचे. रुचा लहानपणी सीटखाली लपायची. अमेरिकन माणूस अशा वेळी स्वतः उतरतो, बघतो, पुन्हा बसतो, कोणाच्या शब्दावर गाडी मागे घेत नाही. ह्यांनी सदतीस वर्षं माझ्या शब्दावर घेतली. माझं बाकी काही ऐकलं नाही, पण 'येऊ द्या' म्हटलं की डोळे मिटून यायचे.

डोंगराच्या पायथ्याशी आधीच्या मालकाचं एक जुनं ट्रेलर होम होतं, त्यात आम्ही शनिवार-रविवार राहायचो. तिथून लाकूडतोड्यांचा एक जुना रस्ता वर माथ्यावर जायचा. रस्ता म्हणजे आठ फूट रुंदीचा, दगडगोट्यांचा चढ. अर्ध्याहून जरा वर एक वळण होतं. एका बाजूला चुनखडीची भिंत, दुसऱ्या बाजूला कडा, खाली चाळीसेक फुटांवर खडक. त्या वर्षीच्या पावसाने वळणाची बाहेरची कड खाऊन टाकली होती. ती भरून काढायला दगड हवेत, आणि दगड तर माथ्यावर वाटेल तेवढे. म्हणून हे वर जाऊन बकेट भरायचे, रिव्हर्समध्ये उतरायचे, वळणावर पोचले की मी सांगेन तेव्हा स्टिअरिंग वळवायचे, वळण मागे टाकायचे आणि मग पुढच्या बकेटमधून दगड कडेला ओतायचे. वळवायला उशीर झाला, तर सरळ कड्यावरून खाली. हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं.

घाई कशाची, तर नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगची. रुचा चँडलरहून नील आणि अनयाला घेऊन येणार होती, आणि ह्यांनी नातवंडांना कबूल केलं होतं की ट्रॅक्टरमागे गाडा जोडून त्यांना माथ्यावर नेईन. मी फोनवर रुचाकडे तक्रार केली. ती म्हणाली, "आई, जस्ट हायर समबडी ना. डॅड सत्तर वर्षांचे आहेत, व्हाय इज ही डुइंग धिस?" मी म्हटलं, तूच विचार. तिने विचारलं नाही. वडिलांना विचारायचे प्रश्न मला विचारायचे, ही आमच्याकडे जुनी पद्धत आहे.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी मला बरं वाटत नव्हतं. मी सांगितलं, आज मी वर येत नाही, तर तुम्ही आज दगड आणायचे नाहीत, नुसतं खालचं सारखं करा. बरं म्हणाले. मी ट्रेलरमध्ये पडून राहिले, मग उठून साबुदाणा भिजवला, दुपारची झोपही काढली. अडीच तासांनी हे आले, घामाघूम आणि खुशीत. म्हणाले, "आज काय झकास सांगत होतीस. तीन खेपा झाल्या."

मी म्हटलं, मी कुठे आले होते वर. हे हसले. त्यांना वाटलं, मी रागाने तसं म्हणते आहे, कारण नाही म्हणून शेवटी आलेच. म्हणाले, शेवटच्या खेपेला मी जरा कचरलो, तर तू कसं म्हणालीस, घाबरू नका, आहे जागा. मी विचारलं, मी दिसले का तुम्हाला. म्हणाले, माझी मान कुठे वळते, पण आवाज ओळखू येत नाही का मला. तेव्हा इंजिनाच्या आवाजासाठी घालतात ते कानावरचे जाड गोळे त्यांच्या गळ्यात लोंबत होते. मी ते पाहिले आणि म्हटलं, हे घालून तुम्हाला माझा आवाज ऐकू आला. त्यांनी ते गळ्यातून काढून हातात घेतले. मग म्हणाले, आला खरा, अगदी जवळून आला.

मी मनाची समजूत घातली. इतक्या वर्षांची सवय, कानात बसलेली, तीच ऐकू आली असेल. माणूस एकटा काम करताना स्वतःशी बोलतो, तसंच हे. पण रविवारी सकाळी हे अर्लिनकडे गेले होते तेव्हा मी काठी घेऊन वळणापर्यंत चढले. मी ह्यांना जिथे 'वळवा' म्हणायची तिथे खूण म्हणून एक पांढरा दगड ठेवलेला होता. चाकांचे ताजे ठसे त्या दगडापाशी वळले नव्हते. पहिल्या खेपेचे दगडापलीकडे हातभर गेलेले, दुसऱ्या खेपेचे दोन हात. तिसऱ्या खेपेचे ठसे कड्यापासून वितीवर येऊन मग वळले होते. तिथे बसून मी रडले. मग डोळे पुसले आणि खाली जाऊन ह्यांच्याशी भांडले.

भांडण चांगलं दोन आठवडे चाललं. मी म्हटलं, ट्रॅक्टर विका. हे म्हणाले, ठसे पाण्याने सरकले असतील. मी म्हटलं, पाऊस कधी पडला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एकदा मी असंही म्हणाले की तुम्हाला माझ्यापेक्षा त्या डोंगराचं जास्त ऐकू येतं. शेवटी तह झाला तो असा, की माझ्याशिवाय एकही खेप करायची नाही, आणि त्या बदल्यात मी कुरकुर न करता प्रत्येक वेळी उभी राहीन. मला वाटलं, मी तिथे असले की झालं. मी असताना दुसरं कोण 'येऊ द्या' म्हणणार.

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. झाडं बरीच रिकामी झाली होती आणि सगळा डोंगर पिवळ्या-तांबड्या पानांनी भरला होता. झाडांवर शिकाऱ्यांची जुनी मचाणं उघडी पडली होती, कुठे चार फळ्या, कुठे नुसती शिडी. वारा नव्हता. दुपारी तीनचं ऊन होतं, आणि वळणावर मात्र सावली. मी भिंतीला पाठ लावून माझ्या जागेवर उभी होते. पहिल्या दोन खेपा नीट झाल्या. मी म्हटलं येऊ द्या, ते आले, मी म्हटलं वळवा, त्यांनी वळवलं. मला स्वतःच्या भित्रेपणाचं जरा हसूसुद्धा आलं.

तिसऱ्या खेपेला ट्रॅक्टर वरून उतरताना दिसला. त्याची पाठ माझ्याकडे, म्हणजे ह्यांचीही. मोठी मागची चाकं हळूहळू येत होती. मी म्हटलं, येऊ द्या. मग एक गोटा चाकाच्या वाटेत दिसला, तो बाजूला करायला मी वाकले. माझं तोंड बंद होतं. आणि आवाज आला, "अजून येऊ द्या. आहे जागा."

मला आधी वाटलं, समोरच्या खडकावरून माझाच आवाज परत आला. पण परत येणारा आवाज आपण बोललो तेच बोलतो, आणि मी 'आहे जागा' म्हटलेलंच नव्हतं. शेवटचं अक्षर जरा ओढायची माझी मिरजेची खोड आहे, रुचा तिची नक्कल करते, ती खोडसुद्धा त्या आवाजात होती. मी कड्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. खाली पानं, खडक, एक पडलेलं मचाण. पण आवाज खालून येतच नव्हता. कड्याच्या पलीकडे, जिथे पाय ठेवायला काहीच नाही, तिथून तो येत होता, एखादी बाई उभी असावी तशा माझ्या तोंडाच्या उंचीवरून.

"येऊ द्या," ती म्हणाली. मी तिला तीच म्हणते, कारण ती बाईच होती.

मी ओरडले, थांबा. ट्रॅक्टर किंचित अडखळला. लगेच तिकडून आलं, "काही नाही हो, येऊ द्या." आणि ट्रॅक्टर पुन्हा मागे सरकू लागला. मी पुन्हा ओरडले, थांबा, मागे कडा आहे. तिकडून आलं, "घाबरू नका. मी आहे ना." हेही माझंच वाक्य. ह्यांच्या बायपासच्या वेळी स्ट्रेचरच्या बाजूने चालताना मी म्हटलेलं, पण ते इस्पितळात. नंतर आठवलं, ट्रॅक्टरच्या पहिल्या दिवशी याच वळणावर ह्यांचा धीर सुटला होता तेव्हाही मी ते म्हटलं होतं. ती बोलत होती ते एकूण एक वाक्य मी इथे कधी ना कधी उच्चारलेलं होतं. फक्त माझ्या भांडणातलं एकही तिने घेतलेलं नव्हतं. वेचून वेचून मायेचं तेवढं घेतलं होतं. आणि तिच्या त्या मऊ आवाजापुढे माझा खरा आवाज घाबरून फाटलेला, कर्कश, कोणातरी परक्या बाईचा वाटत होता. तो मलाच तसा वाटला, तर ह्यांना कसा वाटत असेल.

धावत जाऊन पुढे उभं राहावं, तर ट्रॅक्टरने अख्खा रस्ता व्यापलेला. मी दगड उचलून मारला. तो कमानीवर ठणकन वाजला. पण बकेटमध्ये दगड वाजतच होते, त्यात ह्यांना काय कळणार. पांढऱ्या खुणेवरून चाक पुढे आलं. मी पुन्हा 'अहो' म्हणाले. तिकडूनही 'अहो' आलं, अगदी त्याच क्षणी, आणि माझ्यापेक्षा गोड.

तेव्हा मला एकच सुचलं. जे मी इथे कधी बोलले नाही ते बोलायला हवं, म्हणजे ते तिच्याजवळ नसेल. आणि इथेच काय, मी कुठेच बोलले नव्हते असा एक शब्द होता. आमच्या घरी बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. माझी आई घेत नसे, सासूबाई घेत नसत. आता हे सगळं जुनं झालं, रुचा नवऱ्याला 'ए विवेक' म्हणून हाका मारते आणि मला त्यात काही वाटत नाही. पण माझी जीभ वळत नाही. लग्नात जेवणाच्या पंक्तीत बायकांनी घ्यायला लावलं तेवढंच. इथे बँकेत, दवाखान्यात विचारलं, तर मी आडनाव सांगते नाहीतर कार्ड पुढे करते. सदतीस वर्षांत मी त्यांना नावाने हाक मारली नव्हती.

"पुरुषोत्तम," मी ओरडले. "पुरुषोत्तम."

ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. असा थांबला की बकेटमधला एक दगड उसळून बाहेर पडला. मागचं एक चाक अर्धं कड्याबाहेर होतं आणि त्याच्याखालून माती बारीक धारेने खाली जात होती. ह्यांनी बकेट खाली टेकवली, हँडब्रेक ओढला, चावी फिरवली, पट्टा सोडला आणि भिंतीच्या बाजूने उतरले. ते भिंतीला धरून उभे राहिले तेव्हा चेहरा पांढराफटक होता, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, कड्याकडे बघत होते.

इंजिन बंद झाल्यावर सगळीकडे सामसूम झाली. आणि त्या शांततेत कड्यापलीकडून कोणीतरी ते नाव उच्चारून पाहिलं. हळू, एकेक अक्षर सुटं सुटं, पोर नवा शब्द घोकतं तसं. "पु-रु-षोत्तम." मग पुन्हा एकदा, जरा बरं. तिसऱ्यांदा अगदी बिनचूक, शेवटचं अक्षर ओढून. आम्ही दोघांनी ते ऐकलं. मी ह्यांचा हात धरायला गेले, तो त्यांनी सोडवून घेतला. मला वाटलं, भेदरले आहेत. आम्ही एकामागे एक खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्लिन त्याचा मोठा ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आला. आमचा ट्रॅक्टर त्याने वरच्या बाजूला ओढून घेतला आणि खाली आपल्या शेडमध्ये नेऊन लावला. जाताना हातमोजे काढत मला म्हणाला की त्या वळणावर आम्ही कोणी एकमेकांना हाका मारत नाही, माझ्या आजोबांच्या वेळेपासून नाही. शिकारीच्या दिवसांत तिथे शिट्टी वाजवतात. मी संतापले. म्हटलं, हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलंत. त्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघं तुमच्या भाषेत बोलत होता. मला वाटलं, तिथे जे आहे त्याला ती यायची नाही."

त्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. गाडी मीच चालवायला घेतली. तासभर ते खिडकीबाहेर बघत होते. मॅडिसनच्या अलीकडे कुठेतरी त्यांनी विचारलं, शांतपणे, पेशंटला विचारावं तसं.

"तू मला कड्याकडे का बोलावत होतीस?"

मी म्हटलं, मी नव्हते बोलावत, ती दुसरी होती, मी तर थांबा थांबा म्हणत होते. ते म्हणाले, थांबा म्हणून कोणीतरी किंचाळत होतं ते ऐकलं मी, पण तो आवाज तुझा नव्हता. तुझा आवाज मला माहीत आहे. तू म्हणत होतीस, घाबरू नका, मी आहे ना. म्हणून मी येत होतो. आणि मग त्या दुसरीने माझं नाव घेतलं. तू माझं नाव घेत नाहीस. म्हणून मी घाबरलो, पाय आपोआप ब्रेकवर गेला. नंतरही तीच माझं नाव घेत होती, इंजिन बंद झाल्यावर. आपण दोघांनी ऐकलं.

"मी वाचलो ते तिच्यामुळे," हे म्हणाले.

त्यांचा एकेक मुद्दा खरा होता. जे त्यांनी ऐकलं ते मीही ऐकलं होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मला तो डोंगर आवडत नव्हता हे त्यांना माहीत होतं. दोन आठवडे मी काय काय बोलले होते तेही त्यांना माहीत होतं. मला रडू आलं, रागही आला, आणि रागाच्या भरात मी वेडेपणा केला. म्हटलं, नाव मीच घेतलं होतं, हे बघा, आणि त्यांच्याकडे वळून ते नाव घेतलं. वर ओरडले होते तसं नाही. बायकोने घ्यावं तसं, हळू.

ह्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. गाडी पासष्टच्या वेगाने चालली होती. मी घाबरून बटण दाबलं आणि चारी दारं लॉक केली. तो खट्ट आवाज ऐकून ते दाराला टेकून बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. शॉमबर्ग येईपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

जमीन पुढच्या वसंतात अर्लिननेच घेतली. त्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला रुचा आणि मुलं शॉमबर्गलाच आली. जेवताना रुचाच्या लक्षात आलं की मी काही बोलायला लागले की डॅड आधी माझ्या ओठांकडे बघतात, ओठ हलले की मग उत्तर देतात. आणि मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर येतच नाहीत. बसल्या जागी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवतात. ती म्हणाली, आई, ही नीड्स अ हिअरिंग टेस्ट. डिसेंबरात मी ह्यांना तपासायला घेऊन गेले. त्यांनी वाद घातला नाही. गाडी मागे घेताना मी नेहमीसारखी उतरून मागे गेले, तर त्यांनी मला बोलावून शेजारच्या सीटवर बसवलं, स्वतः उतरून मागे बघून आले आणि मग गाडी मागे घेतली.

कान तपासणाऱ्या मुलीने कागद दाखवले. वयाच्या मानाने कान उत्तम आहेत म्हणाली, बारीकसारीकसुद्धा ऐकू येतं. मी ते ह्यांना सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी बोलायची थांबले तरी ते थोडा वेळ तसेच बघत राहिले, मग मान हलवून हो म्हणाले.